बेर्त मोरिझो आणि 'व्यवसाय नाही'

फ्रेंच चित्रकार बेर्त मोरिझो २ मार्च १८९५ रोजी पॅरिसमध्ये गेली. वय ५४. मृत्यूच्या दाखल्यात सरकारी कारकुनाने लिहिलं : व्यवसाय नाही.

१८६४ पासून सलोंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या सरकारमान्य प्रदर्शनात, तिची चित्रं लागत होती. १८७४ साली मोने, देगा, रेन्वार, पिसारो या चित्रकारांनी सलोंकडे पाठ फिरवून स्वतःचं प्रदर्शन भरवलं आणि त्यातून इम्प्रेशनिझमला, म्हणजे क्षणाचा प्रकाश मोकळ्या फटकाऱ्यांत पकडणाऱ्या त्यांच्या शैलीला, नाव मिळालं. त्यात ती पहिल्या दिवसापासून होती. अशी एकूण आठ प्रदर्शनं झाली. रेन्वार चारांत होता, मोने पाचांत, बेर्त सातांत. १८७९चं तेवढं चुकलं, कारण मुलगी ज्यूली तेव्हा काही महिन्यांची होती.

आणि तरीही आजसुद्धा तिची ओळख करून देताना लोक सुरुवात कुठून करतात? 'मानेची भावजय', 'मानेच्या चित्रांतली ती काळ्या डोळ्यांची बाई'. मला याचा मनापासून राग येतो. चित्रकार एदुआर मानेने तिला दहाहून जास्त वेळा रंगवलं हे खरं, त्याच्या धाकट्या भावाशी, युजेनशी, तिचं लग्न झालं हेही खरं. पण ती स्वतः कोण होती, हे त्यातून काहीच कळत नाही.

बेर्त आणि तिची बहीण एदमा, दोघी एकत्र चित्रकला शिकल्या. घर सुखवस्तू, वडील बडे अधिकारी. मुलींना थोडं पियानो, थोडं चित्र यावं एवढीच अशा घरांची अपेक्षा. त्यांचे शिक्षक गिशार यांनी मात्र आईला आधीच सावध केलं होतं : या मुली छंदापुरतं शिकणाऱ्यांतल्या नाहीत, खऱ्या चित्रकार होतील, आणि तुमच्या वर्तुळात तो जवळजवळ अनर्थ ठरेल. आईने शिकवणी थांबवली नाही, याबद्दल मला त्या बाईंविषयी आदर वाटतो. पुढे दोघी निसर्गचित्रकार कोरोकडे शिकल्या, लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला केल्या. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचं दार बायकांना १८९७ साली उघडलं, म्हणजे बेर्त गेल्यावर दोन वर्षांनी.

१८६९ साली एदमाने एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि तिचं रंगवणं सुटलं. तीन वर्षांनी बेर्तने 'पाळणा' रंगवलं. झिरझिरीत पडद्याआड झोपलेलं तान्हं बाळ आणि हातावर गाल टेकून त्याच्याकडे बघणारी आई. ती आई म्हणजे एदमा. आपल्याकडे हे चित्र 'मातृत्वाचा गोडवा' अशा मथळ्याखाली फिरतं. मला ते तसं बघताच येत नाही. चित्रं सोडलेली बहीण आणि ती न सोडलेली बहीण, दोघी त्या कॅनव्हासच्या दोन बाजूंना आहेत. एदमाच्या चेहऱ्यावर माया आहेच, थकवाही आहे, आणि आणखी काहीतरी आहे ज्याला बेर्तने नाव दिलेलं नाही.

मानेचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. १८७०च्या सलोंसाठी बेर्तने आई आणि एदमाचं चित्र केलं होतं. माने बघायला आला, कुंचला हातात घेतला आणि आईच्या घागऱ्यात दुरुस्ती करू लागला. घागऱ्यावरून चोळीवर, चोळीवरून चेहऱ्यावर, तिथून पार्श्वभूमीवर. थांबेचना. खाली चित्र न्यायला गाडी उभी. चित्र गेलं. ते नाकारलं जावं एवढीच आता आशा आहे, असं बेर्तने बहिणीला कळवलं. ते स्वीकारलं गेलं. माने तिचा मित्र होता, तिच्या चित्रांची कदर करणारा होता, म्हणून तर हे जास्त लागतं.

तिचे विषय 'घरगुती' म्हणून हिणवले गेले. मोने-देगांचे मित्र ज्या कॅफेत तासन्‌तास वाद घालत, तिथे तिच्यासारख्या घरच्या बाईला जायची सोय नव्हती. मग तिने घर, बाग, आरसा, मुलगी रंगवली, आणि इतक्या धीटपणे रंगवली की समीक्षक बिथरले. १८७६ साली फिगारो या वृत्तपत्रात समीक्षक आल्बेर व्होल्फने या मंडळींना पाच-सहा वेडे म्हटलं, वर त्यात एक बाई असल्याचंही सांगितलं.

तिचं एक चित्र तर जरूर शोधून बघा : दाई आंजेल ज्यूलीला दूध पाजते आहे. मोकळे, घाईचे फटकारे, हिरवळ कुठे संपते आणि पदर कुठे सुरू होतो ते समजू नये इतके. आता त्यातली मांडणी बघा. एक बाई पगारावर दूसरीच्या मुलीला पाजते आहे, आणि त्या मुलीची आई समोर उभी राहून आपलं काम करते आहे. दोन कामकरी बायका! 'व्यवसाय नाही' लिहिणाऱ्याला यातलं काय समजणार होतं?

ती गेल्यावर वर्षभरात देगा, मोने, रेन्वार आणि कवी मालार्मे यांनी चित्रविक्रेता द्युराँ-रुएलच्या दालनात तिच्या जवळजवळ चारशे कलाकृती मांडल्या. हे सगळे स्वतः येऊन चित्रं टांगत होते, आणि रेखाटनं लावलेला उभा पडदा कुठे ठेवायचा यावरून देगा आणि बाकीचे चांगलेच भांडले. तिच्या कामाला त्यांनी किती गंभीरपणे घेतलं होतं ते या भांडणात दिसतं.

पॅरिसला जाणारे मित्रमैत्रिणी, ओर्से संग्रहालयात 'पाळणा' बघालच. पण मार्मोतां संग्रहालयही चुकवू नका. लोक तिथे मोनेसाठी जातात. बेर्तचा सर्वांत मोठा संग्रह तिथेच आहे, तेव्हा तिच्यासाठी निदान एक तास राखून ठेवा.