हतनूरला गर्दी, खाचरात कोणी नाही

थंडी पडली की आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपवर एकच प्लॅन, जळगाव जिल्ह्यातलं हतनूर धरण. मीपण जातो, नाही म्हणत नाही, बदकं बघायला मजा येते. पण खान्देश म्हणजे केळी न् कापूस, एवढंच लोकांच्या डोक्यात, नवापूरकडं भात होतो हे जळगाववाल्याला समजवावं लागतं, मग त्या भातात थंडीचे पक्षी उतरतात हे कोण ऐकणार!

मामाचं शेत तिकडं आहे. कापणी झाली की वरच्या खाचरात लगेच नांगर, ओल आहे तोवर हरभरा पेरायचा असतो. खालचं खाचर नाल्याला लागून, तिथला चिखल सुकतच नाही. मागच्या डिसेंबरात बांधावरनं चाललो होतो तर पायाजवळनं, अगदी हातभर अंतरावरनं, पाणलावा उडाला. तोवर दिसलाच नव्हता, धसकटाच्या रंगाचाच मेला. आडवातिडवा झोकांड्या खात गेला न् पलीकडं पडला. बसला होता तिथं वाकून बघितलं तर चिखलात पेन्सिल खुपसल्यासारखी भोकंच भोकं. त्याच्या लांब चोचीचं नुसतं टोक उघडतं, त्यामुळं अळी आतल्या आत पकडता येते. तिथंच तुतवार होते, पिवळे धोबी होते, धरणाच्या खोल पाण्यात ह्यांचं काय काम? त्यांना बोटभर पाणी न् चिखल लागतो.

मामा ओरडला, "काय दखी ऱ्हायना रे?" मी सांगितलं. म्हणे, ह्या खाचरानं मला कधी रब्बी दिली नाही.

इथंच माझा मुद्दा आहे. पक्षी वाचवा म्हणून शेतकऱ्याला लेक्चर द्यायला सगळे तयार, पैसे द्यायला कोणी नाही. कॅलिफोर्नियात 1991 च्या कायद्यानं भाताचा पेंढा जाळण्यावर बंधनं आली, मग शेतकरी तो कुजवायला हिवाळ्यात शेतात पाणी भरू लागले न् बदकं, हंस तिथं उतरू लागले. 2014 पासून तर काही आठवडे पाणी ठेवायचे पैसे मिळतात, शेतकरी स्वतः रेट सांगतो. जपानात काबुकुरी-नुमा तळ्यासोबत आजूबाजूची भातशेतंसुद्धा 2005 ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. आपल्याकडं पेंढा गुरं खातात न् हिवाळ्यात पाण्याची मारामार, त्यामुळं कॉपी नाही जमणार, पण असं पडीक राहणारं खालचं खाचर माती टाकून बुजवू नको म्हणून दोन पैसे द्यायला काय हरकत आहे?

मामाला कॅलिफोर्नियाचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "एकरी किती देतात?" बरोबरच आहे त्याचं.

डिसेंबरात परत जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर कमेंट करा, गमबूट आणा, ड्रोन नको.