मंदिर पडलं, म्हणून क्षमा संपली?

एक मजकूर वारंवार फिरत येतो, योम किप्पूर, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, जवळ आला की जास्तच. त्याचा आशय असा: ‘रक्त सांडल्याशिवाय पापक्षमा नाही, हे यहुद्यांचंच शास्त्र सांगतं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, वेदी गेली, यज्ञ थांबले. तेव्हापासून यहुद्यांकडे क्षमेचा मार्गच उरलेला नाही. प्रार्थना आणि उपास ही रब्बींनी मागाहून काढलेली पळवाट. यहुदी पुण्याच्या जोरावर क्षमा कमवू पाहतात, ख्रिस्ती माणसाला ती कृपेने मिळते.’

पाच वाक्यांत दोन धर्म निकालात. एकेक विधान तपासू.

पहिलं, रक्ताचं. ‘रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही’ हे वाक्य यहुद्यांच्या बायबलमध्ये कुठेच नाही. ते नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आहे (९:२२), आणि तिथेही आधी ‘बहुतेक सर्व’ असा शब्द येतो, जो पुढे पाठवताना गळून पडतो. तोरामधलं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांमधलं, त्याच्या सर्वांत जवळचं वचन लेवीय १७:११. त्या अध्यायात विषय चालला आहे रक्त न खाण्याचा. रक्तात जीव असतो, ते मी वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलं आहे, म्हणून ते खाऊ नका, असं तिथे सांगितलं आहे. बियाण्याचं धान्य दळू नका, ते पेरायला ठेवलंय, असं घरात कोणी बजावलं, तर पिकाला पाऊस लागत नाही असा अर्थ कोणी काढत नाही.

शिवाय त्याच लेवीयचा पाचवा अध्याय उघडा. पाप घडलेल्या माणसाने मेंढी किंवा बकरी आणावी. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापात मावेल एवढं पीठ. त्यावर तेल नाही, धूप नाही. आणि शेवटी याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करील व त्याला क्षमा होईल, असं सांगितलं आहे. पिल्लं आणणाऱ्यालाही हेच सांगितलं आहे. यावरचं उत्तर ठरलेलं असतं: ते पीठ वेदीवरच्या इतर हव्यांवर जाळलं जाई, म्हणजे रक्ताचा संबंध आलाच. आला असेल. पण त्या गरिबाने रक्त आणलेलं नव्हतं आणि क्षमा त्याला मिळाली, हे त्यामुळे बदलत नाही.

दुसरं गृहीत मला जास्त खटकतं, कारण ते कोणी तपासतच नाही. मंदिर उभं होतं तोवर यज्ञाने सगळी पापं धुतली जात होती, असं धरून चालतात. लेवीयच्या चौथ्या अध्यायातलं पापार्पण आहे नकळत घडलेल्या पापांसाठी. जाणूनबुजून, उद्दामपणे केलेल्या पापाचं काय, ते तोरातल्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे: अशा माणसाचा उच्छेद व्हावा. तिथे त्याच्यासाठी कोणतंही अर्पण सांगितलेलं नाही. फसवणूक किंवा लुबाडणूक केली असेल तर एडका आणायचा, पण लुबाडलेलं परत करून, वर पाचवा हिस्सा भरून. नुसता एडका पुरत नाही.

दावीद राजाचं उदाहरण घ्या. बथशेबाशी व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, घडवून आणलेला मृत्यू. नाथान संदेष्टा तोंडावर सांगतो, ‘तो माणूस तूच.’ दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. नाथान लगेच सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. मधे ना बोकड, ना गोऱ्हा. शिक्षा मात्र चुकत नाही, आणि ती फार कठोर आहे. पुढे या प्रसंगाशी जोडलेल्या ५१ व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की तुला यज्ञ आवडत असता तर मी केला असता. देवाला हवा असलेला यज्ञ म्हणजे भंगलेलं मन. वेदी होती, याजक होते, राजाच्या गोठ्यात जनावरांना तोटा नव्हता. तरीही.

योम किप्पूरच्या विधीतही सगळ्या लोकांची पापं ज्या बोकडाच्या डोक्यावर कबूल केली जात, तो वेदीवर कापला जात नसे. त्याला जिवंत रानात सोडायला सांगितलं आहे (लेवीय १६). रक्त दुसऱ्या बोकडाचं, आणि ते शिंपडायचं पवित्रस्थान शुद्ध करण्यासाठी.

आता इ.स. ७० आणि ‘मागाहून काढलेली पळवाट’. मंदिर तेव्हा पहिल्यांदा पडलं नव्हतं. बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये शलमोनाचं मंदिर जाळलं, आणि दुसरं उभं राहायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली. शलमोनाच्या अर्पणाच्या प्रार्थनेतच (१ राजे ८) अशा काळाची तरतूद दिसते: लोक परमुलखात कैदी होऊन गेले आणि तिथून या शहराकडे, या मंदिराकडे तोंड करून पश्चात्तापाने प्रार्थना करू लागले, तर ऐक आणि क्षमा कर. होशेय संदेष्टा तर स्पष्ट म्हणतो की गोऱ्ह्यांऐवजी ओठांचं अर्पण करू. आणि योना संदेष्टा ज्या निनवे शहरात गेला, ते? ती माणसं यहुदीही नव्हती. उपास केला, गोणपाट नेसले, वाईट मार्ग सोडला, आणि शहर वाचलं. योनाचं हे पुस्तक योम किप्पूरच्या दुपारी सिनेगॉगमध्ये वाचलं जातं.

उपास तर लेवीयमधल्या योम किप्पूरच्या आज्ञेतच आहे: त्या दिवशी जिवाला क्लेश द्यावा. आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, या दिवसाला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. दारं लावून, उपास धरून दिवस काढायचा. कोचीनकडून शिक्षक येण्याआधी रब्बींचं शास्त्र आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं, असं त्यांचीच परंपरा सांगते. रब्बींची पळवाट या तेल काढणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यांना’ कोणी शिकवली असेल?

मंदिर पडल्यानंतरची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. रब्बी योहानान बेन झक्काई आपले शिष्य रब्बी यहोशुआ यांच्यासोबत यरुशलेमबाहेर पडत होते. शिष्य अवशेषांकडे बघून हळहळला, जिथे इस्राएलच्या पापांचं प्रायश्चित्त होई ती जागा ओस पडली. गुरू म्हणाले, दुःख करू नकोस, आपल्याकडे तितकंच मोलाचं दुसरं प्रायश्चित्त आहे, दयेची कृत्यं. आधार म्हणून त्यांनी होशेय ६:६ सांगितलं: मला यज्ञ नको, दया हवी. हेच वचन मत्तयच्या शुभवर्तमानात येशू दोनदा सांगतो, नवव्या आणि बाराव्या अध्यायात. पळवाट म्हणायची तर दोघांनाही म्हणा.

पण प्रतिवादाच्या भरात काही जण दुसऱ्या टोकाला जातात: यहुद्यांना यज्ञाची गरज कधी नव्हतीच. हेही खरं नाही. शिष्याची हळहळ खरी होती. रोजच्या प्रार्थनेत परंपरानिष्ठ यहुदी आजही मंदिराची सेवा पुन्हा सुरू व्हावी अशी मागणी करतात. बाराव्या शतकात मैमोनिडीझ या यहुदी पंडिताने लिहिलं की यज्ञ ही त्या काळच्या माणसांच्या सवयीला दिलेली मुभा होती. पुढच्या शतकात नाहमानिडीझने त्याला कडाडून विरोध केला. वाद मिटलेला नाही.

‘पुण्याच्या जोरावर क्षमा’ या विधानाला थोडक्यात उत्तर देता येतं. प्रायश्चित्ताच्या दहा दिवसांत म्हटली जाणारी ‘अविनू मल्केनू’ ही प्रार्थना संपते ती या विनवणीने: आमच्यावर कृपा कर, आमचं ऐक, कारण आमच्यापाशी सत्कृत्यं नाहीत. पुण्याचा हिशेब मांडायला आलेला माणूस असं बोलत नाही.

मग फरक नाहीच का? आहे, आणि मोठा आहे. ख्रिस्ती श्रद्धेत निर्णायक यज्ञ एकच, तो एकदाच झाला आणि तो देवाने स्वतःच पुरवला. माणसाने विश्वासाने तो स्वीकारायचा. यहुदी विचारात ज्याने पाप केलं त्यानेच मागे वळायचं, त्याला ‘तशुवा’ म्हणतात. लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा केली, त्यानंतर मोशे देवाला म्हणाला, यांना क्षमा कर, नाहीतर माझं नाव तुझ्या पुस्तकातून खोड. देवाने तो सौदा नाकारला. यहेज्केलही म्हणतो, बापाचं पाप मुलगा वाहणार नाही. अर्थात नीतिमानाच्या मृत्यूने प्रायश्चित्त होतं असं तालमूद या रब्बींच्या ग्रंथातही एके ठिकाणी आहे, तेव्हा ती कल्पना ख्रिस्ती लोकांनी हवेतून आणली असंही म्हणता येत नाही.

माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरने फिटत नाही, असं मिश्ना हा रब्बींचा नियमग्रंथ सांगतो. आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. मैमोनिडीझच्या नियमानुसार समोरचा ऐकत नसेल तर मित्रांना घेऊन तीनदा जायचं. यावरून ‘ख्रिस्ती माणूस नुसता देवाशी बोलून मोकळा होतो’ असा उलटा टोमणा मारला जातो, तोही फसवा. भावाची तुझ्याविरुद्ध तक्रार आहे हे वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य आहे. गोव्यातल्या कॅथलिकाने कुमसारात, म्हणजे पाद्रीपुढच्या पापकबुलीत, चोरी कबूल केली, तरी चोरलेलं परत करण्यातून त्याची सुटका होत नाही.

आणि क्रुसाबरोबर यज्ञ तत्काळ निरर्थक ठरले असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ वाचावा. क्रुसाला दोन दशकांहून जास्त काळ लोटलेला आहे. प्रेषित पौल यरुशलेमला येतो, नवस फेडणाऱ्या चौघांचा खर्च उचलतो आणि त्यांच्याबरोबर शुद्ध होऊन मंदिरात जातो, प्रत्येकासाठी अर्पण केव्हा होणार ते कळवायला. गणनेच्या सहाव्या अध्यायात या नवसाची अर्पणं दिली आहेत. त्यांत पापार्पण आहे.