कोर्टाची तारीख

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, 'सुप्रीम कोर्टाने राजकारणात लुडबुड थांबवावी.' खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

काका, वेळेवर लुडबुड केली असती तर बरं झालं असतं हो! आपल्या गल्लीतलं चेंबर तुंबलं होतं, आठवतं ना? घाण पाणी थेट तुमच्याच पार्किंगमध्ये. मी अर्ज घेऊन गेले, तर टेबलापलीकडचे साहेब मान वर न करता म्हणाले, "नगरसेवकाचं पत्र आणा." आणू कुठून? नाशिक महापालिकेची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचं घोंगडं कोर्टात भिजत पडलं, कारभार प्रशासकाकडे गेला. चार महिन्यांत निवडणुका घ्या, हे कोर्टाने सांगितलं मे २०२५ मध्ये! बरं, सरकारांनीही प्रभागरचनेचा खेळखंडोबा केला, तेही खरं. पण चेंबर तुंबलेलंच ना?

शिवसेनेच्या फुटीचं तेच. सरकार गेलं जून २०२२ मध्ये, निकाल आला ११ मे २०२३ ला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकीचं, पण ठाकरेंनी आधीच राजीनामा दिला, म्हणून जुनं सरकार आणता येत नाही. फुटलेल्या आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी बघावं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव उघड न करता देणगी द्यायची सोय, कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले. निकाल उत्तम, मान्य. पण रोखे २०१८ पासून विकले जात होते, मध्ये २०१९ ची अख्खी लोकसभा होऊन गेली.

आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणत सुप्रीम कोर्टाच्या चार न्यायमूर्तींनी सरकारपुढे मान तुकवली, एकटे न्यायमूर्ती खन्ना उलट गेले. सरन्यायाधीशपद हुकलं, त्यांनी राजीनामा दिला. पण कोण कुठे उभं आहे हे निदान दिसत तरी होतं. आता कोणाला होही म्हणावं लागत नाही आणि नाहीही. पुढची तारीख दिली की भागतं, आणि तोवर जो खुर्चीत बसलाय तो बसलेलाच राहतो. माझ्या अर्जासारखंच. नामंजूर कोणीच केला नव्हता.

खटल्यांचा डोंगर आहे, राज्यघटनेचे मोठे प्रश्न ठरवणाऱ्या घटनापीठाला निदान पाच न्यायमूर्ती मोकळे करावे लागतात, कळतं मला. माझा आजही सगळ्यात जास्त भरवसा कोर्टावरच आहे, म्हणून तर एवढी चिडचिड होते. निवडणुकीच्या आणि सरकारं पडण्याच्या खटल्यांना कोर्टाने स्वतःच मुदत घालून घ्यावी. संसदेने कायदा करून घातली, तर त्या कायद्यालाच कोणीतरी आव्हान देईल, आणि त्याची सुनावणी कधी लागेल देव जाणे.