सिलिंडर आरशासारखा चकचकीत करू नका : एका संदेशाबाबत खुलासा

सोलापुरातील गॅरेजवाले आणि यंत्रमाग कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: इंजिनचा सिलिंडर आतून आरशासारखा घासून घ्या, तेलात घर्षण कमी करणारी बाटली ओता, म्हणजे झीज थांबते आणि तेलही बदलावे लागत नाही. या सल्ल्यापायी चांगली इंजिने बिघडतात, म्हणून हा खुलासा.

नुकताच रीबोअर केलेला, म्हणजे झिजल्यावर आतून पुन्हा कातलेला सिलिंडर उजेडात तिरका धरून पाहा. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतील. त्या होनिंगमध्ये, म्हणजे घासदगडाने भिंत घासताना, मुद्दाम पाडलेल्या असतात, कारण पिस्टन रिंगला (पिस्टनभोवतीच्या कड्याला) लागणारे तेल त्यांतच टिकून राहते, आणि त्या पुसल्या गेल्या की भिंत तेल धरत नाही. लेसरने पाडलेले सूक्ष्म खळगेही तेल साठवतात, पण त्यांची खोली सहसा थोड्याच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि ते प्रमाणाबाहेर खोल गेले तर घर्षण उलट वाढू शकते. पंच मारून खड्डे पाडणे हा त्याला पर्याय नव्हे.

आता बाटलीविषयी. १९४०च्या दशकापासून वापरात असलेले झेडडीडीपी हे इंजिनच्या तेलात मिसळले जाणारे जस्तयुक्त द्रव्य उष्णता आणि दाबाखाली धातूवर संरक्षक थर बसवते. तो थर झिजतो, पुन्हा बसतो आणि त्यात द्रव्य खर्ची पडते, म्हणूनच तेल वेळेवर बदलावे लागते. मोटरसायकलवाल्यांनी तर विशेष जपावे: बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या बाटलीने तो घसरू शकतो.