‘६१,९९५ डॉलरपासून पुढे’ म्हणजे नेमके किती?

गेले पाच महिने मी एक बोट विकत घेण्याचा प्रयत्न करतो आहे आणि आता माझा संयम संपला आहे. मागणी काही राजेशाही नव्हे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, रॅरिटन बे घरापासून अर्ध्या तासावर आहे, एप्रिल-मेमध्ये तिथे स्ट्राइप्ड बास येतो आणि उन्हाळ्यात फ्लूक, म्हणजे आपल्या लेपाचा दूरचा थोराड चुलतभाऊ, गळाला लागतो. त्यासाठी मला एकवीस-बावीस फुटांची सेंटर कन्सोल हवी आहे. सुकाणू मधोमध असावे, भोवती नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या इंजिनापर्यंत मोकळी वाट असावी आणि मोठा मासा बोटीला फेऱ्या घालू लागला तर काठी हातात धरून त्याच्यामागे चालत जाता यावे, एवढेच. खाली झोपायची केबिन नको, गाद्यांचे सोफे नकोत.

ही बोट ‘मध्यम किमतीची’ असावी, अशी माझी अट होती आणि तिथेच माझे चुकले. अगदी स्वस्तातल्या काही कंपन्या बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून एकच आकडा छापतात. अतिमहाग बोटीचे गिऱ्हाईक आकडा विचारतच नाही. या दोहोंच्या मधल्या माणसाला मात्र ‘पासून पुढे’ या दोन शब्दांवर झुलवले जाते. ज्या बोटीची जाहिरात ६१,९९५ डॉलरपासून पुढे अशी होती, तिच्यासाठी मी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दीड तास गाडी चालवून शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याने कॉफी दिली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग कागद पुढे सरकवला. कारखान्यातून आणणे आणि बोट तयार करून देणे यांचे ४,२००, ट्रेलरचे ५,४००, डोक्यावर सावली धरणाऱ्या टी-टॉपचे ५,९००, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर आणि रेडिओ यांचे २,७००, आणि कागदपत्रांवर कागदपत्रे ठेवण्याचे ६००. बेरीज ८०,७९५ डॉलर, तीही कर धरण्याआधी. (न्यू जर्सीने २०१६ पासून बोटींवरचा विक्रीकर निम्म्यावर आणला आहे, या साऱ्या व्यवहारात माझ्यावर दया केली ती फक्त सरकारने, यावर माझाच विश्वास बसत नाही.) मी विचारले की ट्रेलरशिवाय ही बोट मी घरी न्यायची कशी, तर तो हसून म्हणाला, “पुष्कळ लोक मरिनातच ठेवतात.” मरिनाचे, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्याचे, भाडे त्या कागदावर नव्हते, हे सांगायला नकोच.

आमच्या रेवदंड्याला एखादी जुनी होडी विकायला निघाली की पहिलाच प्रश्न ‘इंजिन धरून की नुसती?’ असा असे आणि उत्तर त्याच दमात मिळे. इथे गुळगुळीत कागदाच्या सोळा पानी माहितीपत्रकात त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला मला भिंग घ्यावे लागले. बोटीचे वजन २,६०० पौंड, असे मोठ्या अक्षरांत छापले होते, आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, हे वजन इंजिन, इंधन आणि सामान वगळून आहे, अशी तळटीप होती. मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडला. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन सुमारे ४८० पौंडांचे असते. टाकी ८० गॅलनची आहे आणि पेट्रोल गॅलनमागे साधारण सहा पौंड भरते, म्हणजे आणखी ४८०. ट्रेलरचे ११००, आणि बॅटऱ्या, नांगर, बर्फ, काठ्या वगैरेंचे निदान ४००. बेरीज झाली ५,०६० पौंड, आणि माझ्या गाडीची ओढण्याची क्षमता आहे ५,०००. म्हणजे टाकी भरून ही बोट मी घराबाहेर काढली की पहिल्याच चढावर मी नियमाच्या पलीकडे गेलेला असणार, आणि हे मला त्या सोळा पानांतले एकही पान सांगत नाही. शेजारच्या कंपनीच्या पत्रकात वजन ३,४०० होते, म्हणून ती बोट मी महिनाभर ‘जड’ समजून बाजूला ठेवली होती. तिच्या वजनात इंजिन धरलेले होते!

लांबीचीही तीच तऱ्हा. कोणी नाळेपुढे आलेला नांगराचा फलाट धरून मोजतो, कोणी मागची पोहायला उतरायची पायरी धरून, आणि बोटीच्या नावातला आकडा या दोन्हींशी जुळेलच असे नाही.

पण सर्वांत जास्त डोके फिरवतो तो तळाचा कोन, म्हणजे मधल्या कण्यापासून तळाची बाजू आडव्या रेषेच्या वर किती तिरकी चढते तो आकडा. रॅरिटन बे उथळ आहे. ओहोटीचे पाणी बाहेर निघालेले असताना समोरून वारा सुटला की तिथे आखूड, उभ्या लाटा एकामागून एक उठतात आणि त्यांवर चपट्या तळाची बोट अशी आपटते की दाढा हलतात. तळ खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा असेल तर तो लाट कापतो. रेमंड हंट यांनी आखलेल्या अशाच तळाच्या बोटीने १९६० साली मायामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली आणि तेव्हापासून २४ अंश हा आकडा या धंद्यात मंत्रासारखा म्हटला जातो. मात्र या खोल तळाची किंमत मोजावी लागते: बोट उभी असताना ती जास्त डुलते आणि तेवढ्याच वेगाला तिला जास्त इंजिन लागते. तेव्हा किती कोन घ्यायचा हा माणसाने आपल्या पाण्याकडे बघून विचारपूर्वक ठरवायचा प्रश्न आहे, आणि तो ठरवण्यासाठी कोन कुठे मोजला आहे हे कळले पाहिजे, कारण नाळेकडे तो कितीतरी जास्त असतो आणि मागे इंजिनाकडे येईपर्यंत कमी होत जातो. एका पत्रकात नुसतेच ‘५२ अंश’ असे अभिमानाने छापले होते. मी फोन करून विचारले की हा मागचा कोन आहे का. पलीकडच्या गृहस्थाने क्षणभर थांबून सांगितले, “सर, हा एकूण कोन आहे.” एकूण कोन! तळाची बेरीज करतात की काय हे लोक?

याच गृहस्थांना मी बुडण्याबद्दलही विचारले. अमेरिकेच्या संघीय नियमांप्रमाणे वीस फुटांखालच्या आउटबोर्ड, म्हणजे इंजिन मागे बाहेर टांगलेल्या, बोटी पाण्याने भरल्या तरी आडव्या, सपाट तरंगत राहिल्या पाहिजेत आणि त्यांवर किती माणसे, किती वजन, किती अश्वशक्ती याची पट्टी ठोकलेली असली पाहिजे. वीस फुटांच्या पुढे ही सक्ती नाही. म्हणजे मी जास्त सुरक्षित म्हणून जी एकवीस फुटी बोट घ्यायला निघालो आहे, तिच्या पोटात पुरेसा फोम घालायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आहे. काही कंपन्या घालतात. बोस्टन व्हेलरने तर १९६१ साली आपली बोट भर पाण्यात करवतीने अर्धी कापून दोन्ही तुकडे तरंगत असल्याची छायाचित्रे छापून आणली होती, आणि त्या नावाचे पैसे ती आजही मोजून घेते. माझ्या बजेटातली बोट भरली तर तरंगेल का, या साध्या प्रश्नावर मला मिळालेले उत्तर असे होते: “सर, आमची बोट भरतच नाही.”

मग जुनी घ्या, असे सगळेच सांगतात. मार्चमध्ये एका यार्डात २००८ सालची एकवीस फुटी बोट पाहिली, मालक ३४ हजार मागत होता. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाची झिप उघडून आम्ही आत शिरलो, आत ओल्या गोणपाटाचा वास. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागची भिंत, जिच्यावर सगळे इंजिन टांगलेले असते ती, ठोकत गेलो. वर टणटण, खाली इंजिनाच्या उजव्या बाजूला बद्द. या काळातल्या कित्येक बोटींच्या त्या भिंतीत फायबरग्लासच्या आत प्लायवूड असते, आणि कोणीतरी फिशफाइंडरसाठी एक स्क्रू पिळून त्याचे भोक नीट बुजवत नाही, तिथून पाणी आत झिरपून लाकडाचा भुसा होतो. मालकाच्या परवानगीने तो खालचा स्क्रू मी सैल केला आणि भोकातून चहाच्या रंगाचे पाणी माझ्या मनगटावर ओघळले. “पावसाचे असेल,” मालक म्हणाला. बोट नोव्हेंबरपासून प्लॅस्टिकच्या आत होती. वर इंजिन एव्हिनरूड या छापाचे, जे बनवणे २०२० सालीच बंद झाले, आणि त्यावर त्याचे म्हणणे होते की त्यामुळे ते आता दुर्मीळ झाले आहे.

परवा मी वैतागून सहा विक्रेत्यांना एकच मजकूर पाठवला: दीडशेचे इंजिन, ट्रेलर, टी-टॉप आणि तुमची सगळी शुल्के धरून, कर वगळून, मला एक आकडा कळवा, तो पटला तर मी या शनिवारी चेक घेऊन येतो. आजपर्यंत सहाही उत्तरे आली आहेत. पाच जणांनी मला शोरूममध्ये कधी येता असे विचारले आहे. सहाव्याने मला महिन्याला किती हप्ता परवडेल, हे जाणून घ्यायचे आहे.