लॉगआउट केलं की सर्व्हिस मरते, म्हणून ती रूटची करायची?

लिनक्सच्या ग्रुपवर एक सल्ला सतत फिरतो: "एसएसएचमधून बाहेर पडलात की सिस्टमडी तुमचं बॅकग्राउंडचं सगळं मारतं. सर्व्हरवर यूजर सर्व्हिसचा उपयोग शून्य. नोहप लावा, नाहीतर सरळ रूटची सर्व्हिस करा." एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचं लॉगिन, सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सुरू-बंद करणारा प्रोग्राम, यूजर सर्व्हिस म्हणजे साध्या खात्याची सर्व्हिस, नोहप म्हणजे लॉगआउटनंतर प्रोग्राम चालू ठेवायची कमांड आणि रूट म्हणजे सर्वाधिकारी खातं. हा सल्ला वाचून नवी मुलं साध्या पायथन स्क्रिप्टला रूटचे अधिकार देतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

"सगळं मारतं." इथे दोन गोष्टींची गल्लत आहे. लॉगआउटनंतर सेशनमधल्या (त्या लॉगिनमधल्या) उरलेल्या प्रोसेस मारायच्या की नाही, हे 'किलयूजरप्रोसेसेस' ही सेटिंग ठरवते. 2016 मध्ये सिस्टमडीच्या 230 व्या आवृत्तीत ती डिफॉल्टनेच 'यस' झाली, भरपूर वाद झाला आणि डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या पॅकेजमध्ये ती परत 'नो' केली. त्यामुळे तिथे टीमक्स (टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लॉगआउटनंतरही टिकतो.

यूजर सर्व्हिसचं गणित वेगळं. त्या चालवणारा सिस्टमडीचा मॅनेजर प्रत्येक यूजरला एकच असतो, दर सेशनला नवा नाही. तो पहिल्या लॉगिनला सुरू होतो आणि शेवटचं सेशन संपलं की थोड्या वेळात, एरवी 10 सेकंदांनी, थांबवला जातो. 'शेवटचं' हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या खिडकीत एसएसएच उघडं ठेवून चाचणी घेतली तर सर्व्हिस ठणठणीत दिसते. तीही खिडकी बंद केली की जाते.

"उपयोग शून्य" म्हणणाऱ्यांनी लिंगर, म्हणजे लॉगिन नसतानाही हा मॅनेजर चालू ठेवण्याची सोय, पाहिलेलंच नसतं. 'सुडो लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर' आणि पुढे यूजरचं नाव, एवढी एक कमांड. मग मॅनेजर मशीन बूट होतानाच उठतो आणि लॉगआउटला थांबत नाही. रूटलेस पॉडमनचे (रूटशिवाय कंटेनर, म्हणजे वेगळे बांधलेले प्रोग्राम, चालवणारं साधन) कंटेनर लॉगआउटनंतर चालू ठेवायचे तरी हेच करावं लागतं.

तरीही रीबूटनंतर सर्व्हिस उठली नाही, तर युनिट फाइलमधली (सर्व्हिसची माहिती असलेली फाइल) 'वाँटेडबाय' ओळ बघा; कोणत्या टार्गेटबरोबर, म्हणजे सुरू होण्याच्या टप्प्याबरोबर, सर्व्हिस उठवायची ते ती सांगते. सिस्टम सर्व्हिसवरून कॉपी केलेलं 'मल्टी-यूजर.टार्गेट' तिथे असतं. यूजर मॅनेजरमध्ये ते टार्गेटच नाही, 'डिफॉल्ट.टार्गेट' लिहायचं आणि डिसेबल करून पुन्हा एनेबल करायचं. कितीतरी तक्रारी या एका ओळीच्या असतात.

नोहप फक्त टर्मिनल बंद झाल्यावर येणारा हँगअपचा सिग्नल दुर्लक्षित करतो. स्क्रिप्ट कोसळली तर ती परत उठवणं, रीबूटनंतर सुरू करणं, हे त्याचं कामच नाही. 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' ही ओळ टाकलेली सर्व्हिस कोसळली तर स्वतः उठते.

राहिला रूट. सिस्टम सर्व्हिसच हवी असेल, तरी तिच्यात 'यूजर=' ही ओळ असते; ती लिहिली की प्रोग्राम साध्या खात्यावर चालतो. अनेकांसाठीचा डेटाबेस असेल, किंवा होम डिरेक्टरी एन्क्रिप्टेड असून लॉगिनलाच उघडत असेल, तर सिस्टम सर्व्हिस करणं योग्यच, कारण दुसऱ्या बाबतीत बूटच्या वेळी होममधली युनिट फाइल वाचताच येत नाही. पण तिथेही 'यूजर=' लिहाच.