पैसे गावी पाठवले म्हणजे गरिबी नव्हती?

नमस्कार,

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचा एक मुद्दा डोक्यातून जात नव्हता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळातून अमेरिकेत गेलेल्या आयरिश मुलींना मोलकरणीच्या नोकरीत राहायला छप्पर, दोन वेळचं जेवण आणि रोख पगार मिळाला. त्यांनी गावी पैसे धाडले, धाकट्या बहिणींची बोटीची तिकिटं काढली. लग्नानंतर तर, जनगणनेप्रमाणे, बहुतेकजणी घरीच होत्या. मग या स्थलांतरित बायकांच्या गरिबीवरचा माझा लेख म्हणजे नुसतं रडगाणं.

बचतीबद्दल मी एका वाक्यात गुंडाळलं, हे कबूल. १८५० साली न्यूयॉर्कमध्ये एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक निघाली, तिच्या खातेदारांत मोलकरणी भरपूर होत्या.

पण पैसे का उरायचे? कारण मोलकरीण मालकिणीच्याच घरात, बहुतेकदा माळ्यावरच्या खोलीत राहायची. भाडं नाही, किराणा नाही आणि स्वतःचं दारही नाही. पहाटे शेगडी पेटवण्यापासून रात्री शेवटचं भांडं घासेपर्यंत हाक आली की हजर. मोकळीक म्हणजे आठवड्यातली एखादी दुपार आणि रविवारचा थोडा वेळ. तिचं खरं नाव काही असो, लोकांच्या तोंडी ती 'ब्रिजेट' किंवा 'बिडी', व्यंगचित्रांतली धसमुसळी बाई. ही नोकरी एवढी फायद्याची होती, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुली ती टाळून कमी शिल्लक पडणाऱ्या गिरणीत का जायच्या, याचंही उत्तर द्या.

आता जनगणना. १८७० च्या गणकांना सूचनाच होती: दुसरं कमाईचं काम नसलेल्या, स्वतःचं घर सांभाळणाऱ्या बाईपुढे 'कीपिंग हाउस' (घर सांभाळते) लिहायचं. पण घरातली कमाई गणक सहसा धरतच नसत. मग तिने दोन खोल्यांत परके पुरुष पैसे घेऊन जेवायला-राहायला ठेवले असोत, लोकांचं धुणं घेतलं असो की रात्री शिवण केलं असो, कागदावर ती बहुतेकदा 'घरीच'. तुम्ही ज्या रकान्यावर विसंबलात तोच आंधळा आहे.

न्यूयॉर्कच्या ९७, ऑर्चर्ड स्ट्रीटवर (तिथे आता संग्रहालय आहे) अशीच घरी बसून कमावणारी एक बाई, नॅथली गुम्पर्ट्झ, राहायची. आयरिश नव्हे, प्रशियातून आलेली ज्यू. तीन खोल्या मिळून जेमतेम ३२५ चौरस फूट. १८७३ च्या मंदीनंतर, १८७४ साली, जोड्यांच्या टाचा कापणारा नवरा कामाला म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही. पदरात लेकरं. तिने त्याच खोलीत शिवणकाम सुरू केलं. १८८३ मध्ये सासऱ्याच्या वारशाचे ६०० डॉलर मिळवायचे म्हणून नवरा मेला आहे असं तिला कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागलं. नऊ वर्षं सुई चालवणारी बाई, आणि हातात एकरकमी पैसा आला तो पळालेल्या नवऱ्याच्या बापाचा! याला आळस म्हणायचं की नशीब, तुम्हीच ठरवा. मी याला मजुरीचा दर म्हणते.

एक दुरुस्ती मात्र तुमच्यामुळे झाली. मोलकरणींच्या यादीत मी इटालियन बायकाही घातल्या होत्या, ते चुकलं. दुसऱ्यांच्या घरी राहून काम करायला त्या फारशा गेल्या नाहीत. त्या घरी बसून कपड्यांची हातशिलाई करायच्या, कागद-कापडाची फुलं बनवायच्या, शेजारी मुलंही तेच करत बसलेली. लेखात तो परिच्छेद आज बदलला आहे.